रेगेचा बेस कोपऱ्यात जाऊन बसतो

लंडनला ब्रिक्सटनमधल्या एका छोट्या क्लबात रेगे (जमैकातलं संगीत) वाजवणाऱ्या एका बँडचे लागोपाठ दोन दिवस शो होते, मी दोन्ही दिवसांची तिकिटं काढली, साउंडवाल्याला आधीच विचारलं की रेकॉर्ड करू का, तो म्हणाला कर की. मग पहिल्या दिवशी मी माझा मुठीत मावणारा रेकॉर्डर मागच्या कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला, म्हटलं इथे कोणाचा धक्का लागणार नाही. घरी येऊन ऐकलं तर दोन तास नुसतं घुंऽऽऽ, गाणारा गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटत होतं.

रेकॉर्डरची काही चूक नव्हती, जागा मी चुकीची निवडली होती.

रेगेत सगळा जीव बेसमध्ये, म्हणजे खालच्या जाड सुरांत. बेस गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला 41 वेळा थरथरते आणि आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे त्या सुराची एक लाट झाली जवळजवळ 8.3 मीटर लांब! लहान क्लबची रुंदीच तेवढी असते. झांजेची किणकिण मात्र काही सेंटिमीटरच्या लाटांची, ती समोरच्या माणसाच्या जॅकेटमध्येच मुरते. त्यामुळे गर्दी वाढली की वरचे आवाज कमी होत जातात आणि बेस आहे तसाच राहतो, गर्दी त्याला अडवत नाही.

आता कोपऱ्याचं बघा. अर्धी भरलेली बादली उचलून चाललात की पाणी हिंदकळतं, काठाशी खूप वरखाली होतं आणि बरोबर मधे जवळजवळ हलत नाही. बंद खोलीत बेसचं हेच होतं, लाट भिंतीवर आपटून परत येते, येणारी आणि जाणारी एकमेकींत मिसळतात आणि काही जागी दाब प्रचंड वाढतो, काही जागी गायब. भिंतीशी तो कायम जास्त, आणि कोपऱ्यात दोन भिंती आणि वर छत किंवा खाली जमीन, म्हणजे तिन्हीकडचा साठा एकाच ठिकाणी. माझी फळी छताला अगदी लागून होती, अजून काय पाहिजे. खोली बरोबर 8.3 मीटर रुंद धरली तर तो खालचा सूर भिंतीपाशी आणि मध्यभागी दणकून ऐकू येईल आणि भिंतीपासून दोन मीटरवर एकदम पातळ होईल. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गर्दीतून आडवा चालत गेलो, चार पावलांत बेस छातीतून निघून गेला आणि पुढच्या तीनेक पावलांत परत आला, बँड तोच, गाणं तेच.

रेगेत हे जास्त खटकतं त्याला एक कारण आहे. आपल्याकडे समेवर मान डोलते, इथे बऱ्याच गाण्यांत चारातली पहिली मात्रा मोकळीच सोडतात आणि ड्रमचा ठोका तिसऱ्यावर पडतो, वन ड्रॉप म्हणतात त्याला. मिनिटाला 75 मात्रा धरल्या तर एक मात्रा 0.8 सेकंदाची, आणि खोलीत बेस अर्धा सेकंद घुमत राहिला की ती मोकळी जागाच भरून जाते. मग ताल राहतो कुठे, नुसता चिखल.

तर दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर स्टँडवर लावून साउंडवाल्याच्या शेजारी उभा केला, भिंतींपासून लांब, डोक्यांच्या वर. लेव्हल इतकी खाली ठेवली की सगळ्यात जोरात वाजलं तरी रेकॉर्डरच्या मर्यादेपर्यंत 12 डेसिबल शिल्लक राहतील, कारण स्नेअर ड्रमचा फटका सरासरीच्या कितीतरी वर उडी मारतो आणि एकदा लाटेचं टोक कापलं गेलं की ते कुठलंच सॉफ्टवेअर नीट परत आणत नाही. (कानांचं पण तसंच, 100 डेसिबलला 15 मिनिटं ही मर्यादा धरतात, म्हणून बोळे घालूनच गेलो होतो.)

साउंडवाल्याने त्याच्या मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक एकत्र करणाऱ्या यंत्रातून, थेट वायरही दिली. पण नुसती वायर म्हणजे अजून एक फसवणूक, छोट्या क्लबात ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर मुळातच इतके जोरात असतात की स्पीकरमधून मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज सोडतात, त्यामुळे वायरवर गायक ढणढणीत आणि ड्रम कुठेतरी शेजारच्या घरात. दोन्ही एकत्र करावे लागतात, आणि रेकॉर्डर स्टेजपासून 10 मीटरवर असेल तर त्याचा आवाज वायरपेक्षा 29 मिलिसेकंद उशिरा येतो, तेवढा सरकवला नाही तर प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो. वायरवर एक गोष्ट मात्र मस्त मिळाली, साउंडवाला गाण्याच्या मधे बटणं फिरवून जो एको, म्हणजे प्रतिध्वनी, सोडत होता तो. ही जमैकातल्या किंग्स्टनच्या किंग टबीची देणगी, मूळचा रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस, 1970 च्या दशकात त्याने मिक्सरलाच वाद्य करून टाकलं.

पैसा असेल तर प्रश्नच नाही. जुलै 1975 मध्ये रेगे गायक बॉब मार्लीचे लंडनच्या लायसियम थिएटरमधले शो रेकॉर्ड करायला रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा स्टुडिओ असलेला ट्रकच आणला होता. आणि त्या रेकॉर्डिंगचा जीव अर्धा पब्लिकमध्ये आहे, लोक गातात ते ऐकून अंगावर काटा येतो.

माझ्या रेकॉर्डिंगमध्येपण पब्लिक आहे. सगळ्यात भारी गाण्यात बेस आणि ड्रम सोडून सगळे थांबतात, एको लांब लांब जातोय, आणि तेवढ्यात माइकपासून वीतभर अंतरावर माझा मित्र ओरडतो, "अरे, शेवटची ट्रेन कितीची आहे?" वीतभरावर म्हणजे तो बँडइतकाच मोठा ऐकू येतो, आणि वर माणसाच्या बोलण्याला आपला कान सगळ्यात तिखट. बाराला पाच कमी, असं मी उत्तरही दिलंय, तेही स्पष्ट आलंय.