किबुत्झमधील युद्धमृतांचे स्मरण

इस्रायलमधील किबुत्झ या सामूहिक शेतीवस्त्यांत वाढलेल्या आणि युद्धात मारल्या गेलेल्या तरुणांची आठवण जपण्याची रीत. पहिला किबुत्झ देगानिया १९१० मध्ये गालील सरोवराच्या दक्षिण टोकाला वसला. किबुत्झवासी इस्रायलच्या लोकसंख्येत अगदी थोडे. शेजारी अरब देशांशी झालेल्या १९६७ आणि १९७३ च्या युद्धांतील मृतांत मात्र त्यांचे प्रमाण त्याच्या कितीतरी पट होते.

बहुतेक किबुत्झ निधर्मी होते. धर्म सोडला तरी मरण सुटत नाही, आणि जुनी प्रार्थना ओठांवर येत नाही, म्हणून शब्द नव्याने शोधावे लागले. १ मार्च १९२० रोजी उत्तर गालीलमधील तेल हाय या ज्यू वस्तीचे रक्षण करताना योसेफ त्रुम्पेलदोर आणि त्यांचे साथीदार मारले गेले, तेव्हा कामगार चळवळीचे नेते बेर्ल कात्सनेल्सन यांनी मृतांच्या स्मरणाच्या पारंपरिक ज्यू प्रार्थनेच्या, ‘यिझकोर’च्या, धर्तीवर एक मजकूर लिहिला. मूळ प्रार्थनेत स्मरण ईश्वराने करायचे असते. इथे ते काम जनतेवर आले.

किबुत्झमधला शोक समजायचा तर तिथले बालपण आधी समजून घ्यावे लागते. अनेक दशके बहुतेक किबुत्झांत मुले आईवडिलांच्या घरी झोपत नसत. समवयस्कांची तुकडी बालगृहात एकत्र वाढे, तिथेच जेवे, तिथेच निजे. सांभाळणारी बाई म्हणजे मेतापेलेत. अशा मुलाला ‘बेन किबुत्झ’, किबुत्झचा मुलगा, म्हणतात, आणि ते नुसते म्हणण्यापुरते नाही. तो गेला की घास भरवणारी मेतापेलेत, शेजारच्या खाटेवरचा सवंगडी, गोठ्यात त्याच्यासोबत पहाटपाळी करणारा माणूस, सगळ्यांच्याच घरचे माणूस जाते.

या रीतीचा गाभा म्हणजे स्मरणिका. मुलगा गेल्यावर त्याच्या आठवणींची पुस्तिका काढायची, ही किबुत्झमधली जुनी पद्धत. तिच्यात शाळेतले निबंध असतात, छावणीतून घरी धाडलेली पत्रे असतात, ट्रॅक्टरवरचा एखादा फोटो असतो, आणि मित्रांनी, शिक्षकांनी लिहिलेली चार-चार पाने. पराक्रमाचे वर्णन त्यात असतेही, पण वाचणाऱ्याच्या मनात घर करते ते वेगळेच: तो हट्टी होता, पत्रांना उत्तर द्यायचा आळस करी, शेवटच्या रजेत अमुक काम अर्धे टाकून गेला. वीस वर्षांच्या मुलाचे चरित्र यापेक्षा मोठे कुठून असणार? तो हुतात्म्यांच्या यादीतले एक नाव होऊन राहू नये, यासाठी आप्तांनी केलेली ही धडपड आहे. १९६७ नंतर किबुत्झमधल्या तरुण सैनिकांच्या ज्या मुलाखती प्रसिद्ध झाल्या, त्यांतही विजयापेक्षा भीती, मेलेले मित्र आणि शत्रूच्या बाजूची माणसे यांविषयीच जिवापासून बोलले गेले आहे.

राष्ट्रीय स्मरणदिन, योम हाझिकारोन, हिब्रू पंचांगानुसार इयार महिन्याच्या ४ तारखेला येतो. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, आडवा आला तर एखाद-दुसरा दिवस मागेपुढे होतो. आदल्या संध्याकाळी ८ वाजता एक मिनिट आणि सकाळी ११ वाजता दोन मिनिटे भोंगा वाजतो. हमरस्त्यावरची वाहनेही थांबतात, माणसे उतरून उभी राहतात. किबुत्झमध्ये लोक जमतात, गेलेल्यांची नावे वाचली जातात. गावच लहान, त्यामुळे प्रत्येक नावाला ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी ओळखत असते.

हरोद खोऱ्यातील बेत हाशिता या किबुत्झने ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात ११ तरुण गमावले. एवढ्याशा वस्तीला हा घाव फार मोठा होता. युद्ध योम किप्पुरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी सुरू झाले होते; त्यामुळे ज्यांनी तो सण कधी धार्मिक रीतीने पाळला नव्हता, त्यांच्यासाठी तोच दरवर्षीचा शोकदिन ठरला. १९९० मध्ये तिथे राहत असलेले संगीतकार याइर रोझेनब्लूम यांनी ‘उनेताने तोकेफ’ या मध्ययुगीन प्रार्थनेला नवी चाल लावली. येत्या वर्षात कोण जगेल, कोण मरेल, कोण पाण्याने आणि कोण आगीने, असे ती विचारते. ११ मुलगे गेलेल्या त्या निधर्मी वस्तीत ती योम किप्पुरला गायली गेली तेव्हा ऐकणारे रडले. आज ती चाल इस्रायलमधील अनेक सिनेगॉगांत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांतही, म्हटली जाते.