बारा पिंपं चालतात, तेराव्याला परवाना: बोट-दुरुस्तीच्या शेडमधला ज्वलनशील साठा

हर्णै असो, मिरकरवाडा असो की मालवण, पावसाळी मासेमारी बंदी लागली की बोटी वर ओढल्या जातात आणि दुरुस्तीच्या शेडमध्ये सामान भरायला लागतं. डिझेलची पिंपं, आउटबोर्ड इंजिनाचं पेट्रोल, फायबरचं रेझिन, हार्डनर, थिनर. "आमची एवढीशी शेड, परवाना कशाला?" हे दरवर्षी कानावर येतं. परवाना शेडच्या आकारावर नाही, साठ्यावर ठरतो. तेव्हा अर्जाच्या आधी शेडमध्ये एक फेरी मारा आणि सगळं मोजून कागदावर लिहा.

पेट्रोलियम कायदा, 1934 प्रमाणे डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी एकूण 2,500 लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं. मात्र त्यातलं कुठलंही भांडं 1,000 लिटरपेक्षा मोठं नको. 200 लिटरची बारा पिंपं म्हणजे 2,400 लिटर. तेरावं आत आलं की परवाना लागतो. आणि 2,000 लिटरच्या एकाच टाकीत डिझेल ठेवलंत, तर एकूण साठा मर्यादेत असूनही सवलत जाते. ही चूक सर्रास होते.

पेट्रोल 'अ' वर्गातलं, म्हणून फार कडक. फक्त 30 लिटर, तेही विक्रीसाठी नसेल तरच, आणि घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये. एक कॅन 25 लिटरपेक्षा मोठा नको. शेजारच्या बोटवाल्याला बाटलीतून पेट्रोल विकणाऱ्याला ही सवलत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची मर्यादा 100 किलो, म्हणजे 19 किलोचे पाच व्यावसायिक सिलिंडर. होमस्टे आणि खानावळवाल्यांनीही हा आकडा लक्षात ठेवावा.

मर्यादा ओलांडणार असाल तर परवाना देणारी यंत्रणा म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, बोलीभाषेत 'पेसो'. मुख्यालय नागपूरला, आपल्या भागाचं कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला. अर्ज ऑनलाइन भरायचा. त्याआधी बहुतेक परवान्यांना जिल्हाधिकाऱ्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. खरा वेळ तिथेच जातो, कारण पोलीस, महसूल, स्थानिक संस्था अशा सगळ्यांचे अभिप्राय गोळा व्हावे लागतात. सातबारा किंवा भाडेकरार, जागेचा नकाशा आणि आजूबाजूच्या इमारती, रस्ता, विजेच्या तारा दाखवणारा आराखडा पहिल्या दिवसापासून तयार ठेवा. आराखडा मंजूर झाल्यावरच बांधकाम करायचं. आधी टाकी पुरून मग कागद करणाऱ्यांना ती उकरावी लागू शकते, हे मी कळकळीने सांगतो.

किनाऱ्यावरच्या माणसाने त्याहीआधी एक गोष्ट तपासावी: जागा किनारा नियमन क्षेत्रात आहे का? समुद्रालगत उच्च भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा यात येतो. घातक पदार्थांच्या साठ्यावर तिथे बंधनं आहेत, त्यामुळे बाकी सगळे कागद बरोबर असूनही प्रकरण अडू शकतं.

परवाना लागत नसला तरी आगीला ते ठाऊक नसतं. सर्वांत जास्त काळजी फायबरच्या कामात घ्या. रेझिन घट्ट करणारा हार्डनर, म्हणजे एमईकेपी नावाचं रसायन, आणि ती क्रिया वेगाने घडवणारा कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचं, मगच हार्डनर घालायचा. दोन्ही एकाच फळीवर ठेवू नका, दोन्हींसाठी एकच माप वापरू नका, आणि उरलेला हार्डनर मूळ बाटलीत परत ओतू नका. पुरवठादाराकडून प्रत्येक मालाचं सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या आणि त्यातल्या मुख्य सूचना कामगारांना कळेल अशा मराठीत भिंतीवर लावा. फाइलमध्ये ठेवलेलं पत्रक पोरांच्या कामाचं नाही.

खाऱ्या हवेत लोखंडी पिंप तळातून गंजतं. ते थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला तळाशी ओल आहे का ते पाहा. भोवती सांडलेलं तेल अडेल असा सिमेंटचा कठडा हवा. जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पाणी कुठवर चढलं हे आठवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, भरलेलं पिंपसुद्धा तरंगत जातं. म्हणून खाडीकाठच्या शेडमध्ये साठ्याची जागा आपल्या माहितीतल्या पुररेषेच्या वर असावी.

राहिलं इंजिनातून काढलेलं काळं तेल. तो घातक कचरा आहे. 2016 च्या नियमांनुसार तो साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही आणि पिंपावर तशी चिठ्ठी लावायची. प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृतता असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच तो द्या आणि दिल्याची नोंद तारखेसह वहीत ठेवा.