पांढरा शर्ट, गडद एप्रन आणि टोमॅटोचा सॉस

घरी इटालियन जेवणाचा बेत, पंधरा-सोळा पाहुणे, आणि वाढायला भाची नि तिचे दोन मित्र. तिघांनी काय घालायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. मी सुचवलं ते रोममधल्या साध्या खानावळीतल्या वाढप्याचंच रूप: पांढरा सुती शर्ट, काळी पँट आणि कमरेला बांधायचा लांब एप्रन, ज्याला तिथे ग्रेम्ब्यूले म्हणतात. भाची लगेच म्हणाली, "मामा, टोमॅटोचा सॉस वाढायचाय आणि पांढरा शर्ट?"

तिची शंका रास्त होती. तरी मी पांढऱ्यावरच अडून राहिलो, आणि त्याचं कारण सॉसमध्येच आहे.

बाहीवर पडलेला सॉसचा थेंब जवळून बघा. मधे लाल गर असतो, आणि त्याच्याभोवती नारिंगी, तेलकट कड हळूहळू पसरत जाते. गर चमच्याने खरवडून निघतो. चिवट असते ती कड. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. त्याच्या रेणूत कार्बनचे 40 अणू असतात आणि एकाआड एक असे 11 दुहेरी बंध सलग ओळीने येतात. ही लांब साखळी निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते, म्हणून उरलेला लाल-नारिंगी आपल्याला दिसतो. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. सॉस ऑलिव्ह तेलात शिजला की रंग तेलात उतरतो, अगदी मिसळीवरच्या तर्रीसारखा. तर्रीला रंग देणारी मिरचीतली द्रव्यंही लायकोपीनच्याच कुळातली, म्हणजे कॅरोटिनॉइड.

त्यामुळे असा डाग नुसत्या पाण्याने चोळून काही होत नाही. आधी भांडी घासायचा साबण लावायचा. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेल सुटून येतं. तरी फिकट नारिंगी छटा उरतेच. मग कापड ओलं असतानाच उन्हात टाकायचं. प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ती दुहेरी बंधांची साखळी मोडतात. साखळी मोडली की रंग गेला. हळदीचा डाग उन्हात उडतो तोही असाच, कर्क्युमिनचा रेणू मोडून. पांढरा शर्ट बिनधास्त उन्हात टाकता येतो. रंगीत शर्टाचा डागाबरोबर स्वतःचा रंगही विटायची भीती असते.

रेड वाइनचं तंत्र वेगळं. तिच्यातली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं आम्लात लाल दिसतात आणि अल्कलीत निळसर होतात, म्हणून साबण लागताच डाग जांभळा-निळा झाला तर घाबरू नये. आधी कोरड्या फडक्याने टिपायचं, मग गार पाणी, शेवटी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे क्लोरीन नसलेलं ब्लीच. इथेही पांढरं सुती कापडच निर्धास्त.

सुतीच का? दमट नसलेल्या साधारण हवेतही सूत आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. गरम ओव्हन आणि टेबल यांच्यामध्ये फेऱ्या मारणाऱ्या माणसाला हा फरक पाठीवर कळतो. शिवाय पॉलिएस्टरला तेलाची ओढ असते, त्यामुळे तेलकट डाग त्यात जास्त मुरतो.

एप्रन मात्र गडदच हवा. कोरडं फिकट कापड उजळ दिसतं, कारण धागे आणि त्यांच्यामधली हवा यांच्यात प्रकाश सारखा विखुरतो. तेल त्या फटी भरतं, विखुरणं कमी होतं आणि तो भाग काळपट दिसतो. गडद कापडात मुळातच फार थोडा प्रकाश परत येतो, म्हणून तेलाचा डाग चटकन नजरेत भरत नाही. पीठ आणि किसलेलं चीज दिसतं, पण ते झटकून जातं.

टेबलावर मेणबत्त्या लावणार असाल तर ओढणी, स्टोल आणि सैल बाह्या नकोतच. पॉलिएस्टर सुमारे 250 अंश सेल्सिअसला वितळून कातडीला चिकटतं, आणि सूत वितळत नसलं तरी पेटतंच. म्हणून त्या संध्याकाळी तिघांच्याही बाह्या मी स्वतः दोनदा दुमडून कोपराखाली घट्ट बसवल्या.