गोव्याला काठाकाठानं जायचंय? मग मुंबई-गोवा हायवे आणि सागरी महामार्ग यातला फरक बघा

बडोद्यात दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या दांडिया बाजारात कोणी ना कोणी विचारतंच, "काका, यंदा गाडीनं गोव्याला चाललोय, समुद्राच्या काठाकाठानं, म्हणजे एनएच ६६ च ना?" नाही. एनएच ६६ म्हणजे मुंबई-गोवा हायवे, जुना १७ नंबर, आणि काठाकाठानं जातो तो सागरी महामार्ग, अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत. हे निघायच्या आधी कळलेलं बरं, कारण आपण इथून मुंबईपर्यंतच चारशेच्या आसपास किलोमीटर गाडी हाकत गेलेलो असतो, सोबत मुलं असतात, आजी-आजोबा असतात, आणि मग पुढचा अख्खा दिवस ट्रकच्या मागे काढला की फार वाईट वाटतं.

घोळ होतो तो रीलमुळे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, मधून सरळ रस्ता आणि खाली लिहिलेलं एनएच ६६. खोटं नाहीये ते, पण ती जागा मरवंते, कर्नाटकात कुंदापूरजवळ, म्हणजे गोवा ओलांडून बरंच पुढे. तोच हायवे पनवेलपासून गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्यापर्यंत आतून जातो, समुद्र जवळजवळ दिसतच नाही. (मुंबईतला वरळी-मरीन ड्राइव्हचा कोस्टल रोड तर तिसरंच प्रकरण, तो शहरातल्या ट्रॅफिकसाठी.)

आता आतून का, तर नद्यांमुळे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राशी पोचेपर्यंत रुंद खाड्या होतात. हायवे त्यांना वरच्या अंगाला गाठतो, पात्र लहान असतं तिथे, सावित्री महाडला, वाशिष्ठी चिपळूणला, शास्त्री संगमेश्वरला, पूल ओलांडला की झालं, नदी आली कधी नि गेली कधी कळत पण नाही. सागरी महामार्गाला त्याच नद्या मुखाशी भेटतात. सावित्री बागमांडला-वेश्वीला, वाशिष्ठी दाभोळ-धोपाव्याला, शास्त्री तवसाळ-जयगडला, आणि त्याआधी मुरुडच्या पुढे राजपुरीची खाडी, आगरदांडा ते दिघी. या चारही ठिकाणी आम्ही गाडी फेरीबोटीवर चढवूनच पलीकडे गेलो.

दाभोळला आई पहिल्यांदा बोटीवर चढली तेव्हा घाबरून तिनं दाराचं हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. बोटीचा पुढचा पत्रा खाडकन उताराला टेकतो, ओला असतो, माणूस हातानं "या या या" करत गाड्या एकमेकींना चिकटवून लावतो, हँडब्रेक ओढायला सांगतो, आणि मग आपण खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं. पाच मिनिटांत आईची भीती गेली, डब्यातला लीला चिवडा काढून ती शेजारच्या कोळणीला देत होती. हायवेवर असलं काही घडत नाही हो.

पण म्हणूनच या रस्त्याचा हिशोब किलोमीटरनं करायचा नाही, खाड्यांनी करायचा. आम्ही हेदवीला बामणघळ, म्हणजे समुद्राकाठच्या खडकातली अरुंद घळ, बघत रेंगाळलो आणि तवसाळला पोचेपर्यंत अंधार पडला, शेवटची बोट गेलेली, परत गुहागरला येऊन खोली शोधावी लागली. शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा, हे मी कळकळीनं सांगतोय. रस्ता पण अरुंद, गावातून, माडांच्या बागांतून वळणं घेत जाणारा, समोरून एसटी आली की थांबावं लागतं, म्हणून रात्रीचं चालवूच नका.

हायवे वाईट आहे असं नाही. एका दिवसात गोव्याच्या जवळ पोचायचं असेल तर तोच घ्यायचा, कशेडी घाटात आता बोगदा पण आहे.

सुट्टी चार-पाचच दिवसांची असेल तर मला विचाराल तर दोन्ही मिसळा. जाताना काठाचा एकच तुकडा निवडा, माझ्या मते दापोली ते रत्नागिरी, त्यात संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायला मिळतो, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दाभोळची बोट, गुहागर, वेळणेश्वर, जयगड, गणपतीपुळे, आणि रत्नागिरीच्या अलीकडे आरे-वारे, जिथे रस्ता वर चढतो आणि दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात, तिथे गाडी बाजूला लावून उतराच. मग रत्नागिरीहून हातखंब्याला हायवेला लागायचं. पुढे मालवण हवं तर कसालला उजवीकडे, वेंगुर्ला हवं तर कुडाळहून.

आणि वेळ भरपूर असेल, पहिल्यापासून काठानंच जायचं असेल, तर पेण सोडलं की वडखळला जागे राहा, सरळ गेलात की नागोठणे, हायवे, उजवीकडे वळलात की अलिबाग.