काचेवर दाब देण्याआधी: नमुना पाठवणाऱ्यांसाठी माहिती

पुण्यातल्या महाविद्यालयांतून आणि संशोधन संस्थांतून आमच्या प्रयोगशाळेकडे काचेचे नमुने येतात. सोबतच्या चिठ्ठीवर बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: ‘२० गिगापास्कलला रामन’, म्हणजे एवढ्या दाबाचा रामन वर्णपट (नमुन्यावरून विखुरलेल्या लेसरच्या प्रकाशातून त्याची रचना सांगणारं मोजमाप). दाब किती हवा ते कळवाच. पण मोजमाप दाबाखाली घ्यायचं की दाब उतरवल्यावर, हे त्याआधी ठरवा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

सिलिका काचेत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि त्यांच्या जाळ्यात भरपूर पोकळ्या. म्हणूनच स्फटिकरूप सिलिकाची, म्हणजे क्वार्ट्झची, घनता घन सेंटीमीटरला २.६५ ग्रॅम, तर या काचेची फक्त २.२०. खोलीच्या तापमानाला साधारण ९ गिगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास ९०,००० पट दाब देऊन तो काढला, की काच पूर्ववत होते. त्यापुढे जाळ्याची बांधणीच बदलते आणि दाब गेला तरी काच दाटलेली राहते. घनता सुमारे २० टक्क्यांपर्यंत वाढलेली आढळते. दाब आणखी वाढवला की सिलिकॉनभोवती सहा ऑक्सिजन जमू लागतात. ही रचना मात्र दाब उतरताच मोडते. बाहेर काढलेल्या तुकड्यात ती शोधू नका, तिथे पुन्हा चारच ऑक्सिजन दिसतील.

दाब सगळीकडून सारखा पडावा म्हणून हिऱ्यांच्या सेलमध्ये (यात दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबला जातो) नमुन्याभोवती द्रव किंवा वायूचं माध्यम भरावं लागतं. मिथेनॉल-इथेनॉलचं ४:१ मिश्रण १० गिगापास्कलपर्यंत उत्तम चालतं. त्यापुढे काही जण हेलियम मागतात. स्फटिकांना ते चांगलंच; सिलिका काचेला आम्ही आग्रहाने नको म्हणतो. हेलियमचे अणू पोकळ्यांत शिरून बसतात, आणि काच आहे त्याहून कमी दबते असं आकडे सांगू लागतात.

दाब आम्ही माणकाच्या बारीक कणावरून मोजतो. लेसर पडल्यावर तो लाल चमकतो; त्या प्रकाशाची ६९४ नॅनोमीटरजवळची रेषा दर गिगापास्कलला सुमारे ०.३६ नॅनोमीटर सरकते.

दख्खनच्या बेसाल्टमधली काच लोहामुळे काळसर असते, लेसरखाली पटकन तापते. तापली की दाटपणा उतरतो, वितळण्याच्या कितीतरी आधीच. म्हणून अशा नमुन्यांना लेसर मंद ठेवून वेळ जास्त देतो. लोणारच्या खडकांत तर उल्कापाताच्या धक्क्याने प्लॅजिओक्लेज या खनिजाची न वितळता काच झाली आहे. असा नमुना पाठवण्याआधी भट्टीत वाळवू नका, पॉलिशही आमच्यावर सोडा.

तुकडा नखाएवढा पुरे. गॅस्केटचं, म्हणजे दोन हिऱ्यांमधल्या धातूच्या पत्र्याचं, नमुना ठेवायचं छिद्र जेमतेम १५० मायक्रॉनचं असतं. काच प्रयोगशाळेत केलेली असेल तर घटकांचं प्रमाण, किती तापमानाला वितळवली आणि किती वेगाने थंड केली, हे चिठ्ठीवर लिहा.