बांबू घासून वणवा पेटत नाही, भाऊ

चैत्र लागला की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या पारावर हे वाक्य ठरलेलंच असतं: "ऊन केवढं तापलं, वारा सुटला, बांबूवर बांबू घासला अन् जंगल पेटलं." आमच्या आजोबांपासून ऐकतो आहे. आहे मात्र थापच.

हिशेब बघा. आपल्याकडे पारा सहसा ४७-४८ अंशांच्या वर जात नाही. वाळला पाला पेटायला २०० अंशांच्या वर उष्णता लागते. नुसत्या उन्हानं ती येणार कुठून? शिवाय उन्हानंच आग लागली असती तर सगळ्यात जास्त वणवे मे महिन्यात दिसले असते. आपल्याकडे जोर असतो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे नेमका मोहाच्या झाडाखाली पडलेली फुलं वेचायच्या वेळेला.

पहाटे मोहाखाली उभं राहून बघा. फुलं पिवळसर, खालचा पाचोळाही तसाच; वेचताना डोळे फुटतात. म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, जमीन काळी झाली की फूल उठून दिसतं. विस्तव मात्र नीट विझवला जात नाही. ज्याच्या पानात बिडी वळतात त्या तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून लावलेली आग, शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) जाळलेला कचरा, फेकलेली बिडी, ही बाकीची कारणं. (बिडीही तेंदूचीच!)

वाऱ्याचा दोष आहे, पण नंतरचा. तो ठिणगी पैदा करत नाही, दुपारी पुढे नेतो. रात्री तो पडला की धूर गावावर बसतो अन् दमेकऱ्याला झोप नसते.

मोहाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली तरी फुलं स्वच्छ मिळतात. काडी लागतच नाही.