कर्क्युमिनॉइडांचे मायक्रोवेव्ह-साहाय्यित संश्लेषण

कर्क्युमीन आणि त्याच्याशी रचनेने जवळची संयुगे सूक्ष्मतरंगांच्या (मायक्रोवेव्हच्या) उष्णतेने प्रयोगशाळेत तयार करण्याची पद्धत. हळदीच्या कंदात कर्क्युमीन, डीमेथॉक्सिकर्क्युमीन व बिसडीमेथॉक्सिकर्क्युमीन ही तीन पिवळी द्रव्ये एकत्र असतात. ती एकमेकांपासून वेगळी करणे कष्टाचे असते आणि निसर्गात न आढळणारे अनुजात (मूळ रेणूत फेरफार करून मिळणारी संयुगे) तर कंदातून मिळणारच नाहीत. त्यामुळे संश्लेषणाला पर्याय उरत नाही.

कर्क्युमीनची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. आज सर्वाधिक वापरली जाणारी कृती रसायनशास्त्रज्ञ पाबोन यांनी १९६४ मध्ये मांडली. तिच्यात ॲसिटिलॲसिटोनच्या एका रेणूवर व्हॅनिलिन या ॲल्डिहाइडचे दोन रेणू जोडले जातात. अडचण अशी, की ॲसिटिलॲसिटोनचा सर्वांत क्रियाशील भाग म्हणजे दोन कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन) गटांमधला मिथिलीन गट, म्हणजे मधला कार्बन; ॲल्डिहाइड साहजिकच तिथे जाऊन बसते. हवी असते ती टोकांच्या मिथिल गटांवरची जोडणी. बोरिक ऑक्साइड घातले की दोन्ही ऑक्सिजन बोरॉनशी बांधले जातात, मधला कार्बन निष्क्रिय होतो आणि संघनन (पाणी बाहेर टाकून होणारी जोडणी) टोकांवर होते. ब्युटिलअमाइन उत्प्रेरकाचे काम करते, तर ट्रायब्युटिल बोरेट तयार होणारे पाणी शोषून घेते. शेवटी तनु हायड्रोक्लोरिक अम्लाने बोरॉन संकुल मोडून कर्क्युमीन मोकळे करतात. या कृतीची खरी किल्ली बोरॉन हीच आहे. मायक्रोवेव्ह तिची जागा घेत नाही, फक्त वेळ वाचवतो. व्हॅनिलिनऐवजी ४-हायड्रॉक्सिबेंझाल्डिहाइड घेतले की बिसडीमेथॉक्सिकर्क्युमीन मिळते.

सेंद्रिय संश्लेषणात मायक्रोवेव्हचा वापर १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र शोधनिबंधांनंतर रुजला. उपकरणांची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ असते. बदलत्या विद्युत क्षेत्राबरोबर ध्रुवीय रेणू वळू पाहतात, आयन पुढेमागे हलतात आणि मिश्रण आतूनच तापते. भांड्याच्या भिंतीतून उष्णता झिरपण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून विद्रावकाची निवड महत्त्वाची ठरते. तरंगांचे उष्णतेत रूपांतर करण्याची क्षमता दाखवणारा गुणांक इथेनॉलसाठी सुमारे ०.९४, तर पाबोन कृतीतल्या एथिल ॲसिटेटसाठी जेमतेम ०.०६ आहे. मिश्रणातले ध्रुवीय अभिक्रियक ही उणीव काही अंशी भरून काढतात. विद्रावक अजिबात न वापरता किंवा अगदी थोडा वापरूनही अभिक्रिया करतात. बंद कुपीत विद्रावक उत्कलनबिंदूच्या वर तापवता येतो आणि तासांचे काम मिनिटांवर येते.

हा वेग सूक्ष्मतरंगांच्या एखाद्या खास, उष्णतेपलीकडच्या परिणामामुळे येतो, असा दावा बराच काळ केला जात होता. परंतु या वारंवारतेच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. तेवढ्याने कोणताही रासायनिक बंध तुटत नाही. तापमान अचूक मोजून केलेल्या तुलनांमध्ये बहुतेक फरक तापमानाचाच निघाला. घरगुती ओव्हनवर केलेले प्रयोग म्हणूनच पुन्हा तसेच करून दाखवणे अवघड असते: त्यात क्षेत्र असमान पसरते, अभिक्रियेचे तापमान कळत नाही, आणि ज्वलनशील विद्रावकाच्या वाफेला ठिणगी लागण्याचा धोका असतो. तापमान व दाब मोजणारी प्रयोगशाळेतली उपकरणे हाच योग्य मार्ग.

कर्क्युमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि ७.२ सामूच्या (pH) बफर द्रावणात, म्हणजे सामू स्थिर राखणाऱ्या द्रावणात, ३७ अंश सेल्सिअसला अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग विघटित होतो. अनुजात शोधण्यामागे मोठे कारण हेच. हायड्रॅझीनशी अभिक्रिया केल्यास डायकीटोनच्या, म्हणजे दोन कार्बोनिल गट असलेल्या मधल्या भागाच्या, जागी पायराझोल वलय येते, हायड्रॉक्सिलअमाइनने आयसॉक्साझोल. सायक्लोहेक्झॅनोनवर ॲल्डिहाइडचे दोन रेणू जोडून एककार्बोनिल अनुजात मिळतात. त्यांना बोरॉनची गरज नसते आणि अस्थिर डायकीटोन भागच नसल्याने ते अधिक टिकतात. या सर्व अभिक्रिया मायक्रोवेव्हमध्ये चांगल्या चालतात. मात्र नंतरच्या शुद्धीकरणाला, म्हणजे स्तंभ वर्णलेखन व पुनर्स्फटिकीकरण यांना, लागणारा वेळ त्याने कमी होत नाही.